१८१व्या क्रमांकाची तबकडी

अमेरिकेतल्या संगीत-व्यवसायाचं बिलबोर्ड हे साप्ताहिक सत्तरच्या दशकात दर आठवड्याला सर्वाधिक खपाच्या दोनशे अल्बमांची यादी छापत असे. त्या यादीत १८१वा क्रमांक म्हणजे जवळजवळ दाराबाहेरच. १९७४च्या ऑक्टोबरमध्ये एपिक कंपनीने बाजारात आणलेला संगीतकार शगी ओटिसचा ‘इन्स्पिरेशन इन्फर्मेशन’ हा अल्बम याच्या वर कधी चढला नाही. त्याचं शीर्षकगीत रिदम अँड ब्लूजच्या यादीत ५६व्या क्रमांकापर्यंत पोचलं आणि तिथून उतरू लागलं. पुढे कंपनीने शगीबरोबरचा करार संपवला. अल्बम प्रसिद्ध झाला तेव्हा शगी वीस वर्षांचा होता.

आज फंक आणि सोल संगीताच्या जाणकारांना सत्तरच्या दशकातले उत्तम अल्बम विचारले, तर मार्व्हिन गे, स्टीव्ही वंडर, कर्टिस मेफिल्ड यांच्या पाठोपाठ हे नाव हमखास येतं. अल्बममधला एकही सूर दरम्यान बदललेला नाही. बदलले ते ऐकणारे, आणि त्यांना सत्तावीस वर्षं लागली.

या सगळ्याला ‘हरवलेल्या अल्बमचा शोध’ म्हणायची पद्धत पडली आहे. गोष्ट म्हणून ती आकर्षक आहे: एक विलक्षण मुलगा, एक अप्रतिम तबकडी, मग अंधार, मग अचानक प्रकाश. पण या गोष्टीत एक माणूस गाळला जातो, तो म्हणजे खुद्द शगी. तो त्या सत्तावीस वर्षांत कुठे नाहीसा झाला नव्हता. कॅलिफोर्नियातच होता, वाजवत होता, नवी गाणी रचत होता आणि ती घेऊन रेकॉर्ड कंपन्यांची दारं ठोठावत होता. त्याने मुलाखतींमधून हे पुन्हापुन्हा सांगितलं आहे. दारं उघडली नाहीत, एवढंच. या अल्बमचं कौतुक करताना ही बाजू आधी मांडायला हवी, कारण एरवी विसरण्याचं खापर काळावर फुटतं आणि विसरणारे मोकळे सुटतात.

शगीची गोष्ट त्याच्या वडिलांपासून सुरू होते. जॉनी ओटिस यांचं मूळ आडनाव व्हेलिओटिस. आईवडील ग्रीसमधून आलेले स्थलांतरित, जन्म १९२१चा, कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहो गावचा. बालपण बर्कलीच्या कृष्णवर्णीय वस्तीत गेलं आणि त्या वस्तीचं संगीत, तिची बोली, तिचे लढे त्यांनी आपले मानले. ग्रीक वंशाचा हा माणूस आयुष्यभर स्वतःला कृष्णवर्णीय समाजाचाच मानत राहिला आणि त्या समाजानेही त्यांना परकं मानलं नाही. ड्रम आणि व्हायब्राफोन वाजवणारे, स्वतःचा वाद्यवृंद चालवणारे, रेडिओवर कार्यक्रम करणारे जॉनी गुणी कलावंत हेरण्यात फार तरबेज होते. एटा जेम्स, एस्थर फिलिप्स, जॅकी विल्सन ही मंडळी त्यांच्या नजरेतून पुढे आली. ‘हाउंड डॉग’ हे गाणं एल्व्हिस प्रेस्लीच्या आधी बिग मामा थॉर्नटनने गायलं, त्या ध्वनिमुद्रणात ड्रमवर जॉनी होते. १९५८ सालचं ‘विली अँड द हँड जाइव्ह’ हे त्यांचं स्वतःचं गाजलेलं गाणं.

अशा घरात ३० नोव्हेंबर १९५३ रोजी जॉनी ज्युनियर जन्माला आला. घरच्यांनी लाडाने त्याला शगी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव कायम राहिलं. घरात तालमी चाललेल्या, दिवाणखान्यात वाद्यं पसरलेली. लहान वयातच हातात गिटार आली. बारा वर्षांचा होतो न होतो तोच तो वडिलांबरोबर रात्रीच्या क्लबांमध्ये वाजवू लागला. दारू मिळणाऱ्या क्लबांत अल्पवयीन मुलांना मज्जाव असल्याने काळा चष्मा आणि खोटी मिशी लावून त्याला स्टेजवर उभं केलं जाई.

पंधराव्या वर्षी त्याच्या खात्यावर काय काय जमा होतं ते पाहण्याजोगं आहे. फ्रँक झॅपाच्या १९६९च्या ‘हॉट रॅट्स’ या अल्बममधली ‘पीचेस एन रेगालिया’ ही रचना आजही रॉक आणि जॅझच्या सीमेवरचा एक मैलाचा दगड मानली जाते. तिच्यातली बेस गिटार शगीची आहे. बॉब डिलनच्या ‘लाइक अ रोलिंग स्टोन’मध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या अल कूपरने त्याला घेऊन एक आख्खा अल्बम केला आणि मुखपृष्ठावर त्याचं नाव स्वतःच्या बरोबरीने छापलं. मग एपिकसाठी १९७०मध्ये ‘हिअर कम्स शगी ओटिस’ आणि १९७१मध्ये ‘फ्रीडम फ्लाइट’ हे दोन अल्बम झाले. कंपनीच्या दृष्टीने चित्र स्पष्ट होतं: गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्स १९७०मध्ये गेला होता आणि इथे ब्लूज गिटार लीलया वाजवणारा एक तरुण कृष्णवर्णीय मुलगा हाताशी होता.

मुलाच्या मनात मात्र वेगळंच काहीतरी शिजत होतं.

तिसऱ्या अल्बमला जवळजवळ तीन वर्षं लागली. त्या काळात सोल संगीताचा अल्बम काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतच उरकला जाई. ठरलेले वादक, ठरलेला निर्माता, तासावर भाड्याने घेतलेला स्टुडिओ. शगीने हे सगळं बाजूला ठेवलं. गाणी त्याची, संयोजन त्याचं, गिटार, बेस, ऑर्गन, पियानो, ड्रम सगळं त्याचं. ब्रास आणि तंतुवाद्यांसाठी तेवढे बाहेरचे वादक बोलावले, तेही त्यानेच लिहून दिलेलं वाजवायला. एक वाद्य वाजवून टेपच्या एका पट्टीवर घ्यायचं, ते ऐकत दुसऱ्या पट्टीवर दुसरं वाद्य भरायचं, मग तिसरं. या पद्धतीत वेळ जातो आणि साथीदाराच्या डोळ्यांत बघून लय पकडण्याची सोय नसते. माणूस स्वतःच्याच मागच्या आठवड्यातल्या वादनाला साथ देत असतो. या अल्बमचा जो एक आत्ममग्न, आपल्याशीच गुणगुणल्यासारखा पोत आहे, त्याचं मूळ या पद्धतीत आहे.

एकट्याने सगळी वाद्यं वाजवणारा तो पहिला नव्हता. स्टीव्ही वंडरचा ‘म्युझिक ऑफ माय माइंड’ १९७२मध्ये आला होता, आणि त्यातलं जवळजवळ सगळं वादन त्याचं एकट्याचं होतं. पण वंडर तोवर दहा वर्षं गाजत होता, त्याच्या शब्दाला मोटाउन कंपनीत वजन होतं. शगीजवळ फक्त हट्ट होता.

आणि होती एक छोटी पेटी.

रिदम बॉक्स नावाचं हे यंत्र मुळात घरगुती ऑर्गन वाजवणाऱ्या हौशी लोकांसाठी बनवलेलं. बटण दाबलं की वॉल्ट्झ, बोसानोव्हा, रॉक असे तयार ठेके वाजू लागतात. आपल्याकडे रियाजाला इलेक्ट्रॉनिक तबला लावून बसतात, तसा त्याचा उपयोग. मैफिलीत तो कुणी ठेवत नाही, तशीच ही पेटीही प्रतिष्ठित ध्वनिमुद्रणात कुणी फारशी वापरत नसे. १९७१मध्ये स्लाय स्टोनने ‘देअर्स अ रायट गोइंग ऑन’मध्ये ती वापरली, पुढच्या वर्षी टिमी थॉमसने ‘व्हाय कान्ट वी लिव्ह टुगेदर’ हे गाणं केवळ ऑर्गन आणि तिच्या ठेक्यावर उभं केलं. शगीने तिचा उपयोग आणखी वेगळा केला. तिची ती बारीक, कोरडी टिकटिक त्याने लपवली नाही. उलट तिच्याभोवती हवा मोकळी ठेवली आणि त्या रिकाम्या जागेत बेस, ऑर्गन आणि व्हायोलिनं अलगद आणून बसवली.

पहिल्या बाजूचं चौथं गाणं ‘अट अह मी हेड’ ऐकावं. ‘आऊट ऑफ माय हेड’ हे शब्द शगीने उच्चाराबरहुकूम, मनाला येईल तसे लिहिले आहेत. यंत्राचा ठेका एकसुरी चालत राहतो, ऑर्गनचे स्वर त्यावर तरंगतात, आणि मग तंतुवाद्यं अशी येतात की खोलीची भिंत मागे सरकल्यासारखं वाटावं. शगीचा आवाज मऊ, जवळजवळ कुजबुजता. सोल गायकीत चर्चमधून आलेली आर्त, छाती भरून मारलेली हाक अपेक्षित असते. तिचा इथे मागमूस नाही. १९७४मध्ये ही उणीव वाटली असेल. आज ऐकताना तीच या गाण्याचा प्राण वाटते, कारण गाणारा कुणालाही जिंकायला निघालेला नाही.

शीर्षकगीताचा बाज निराळा आहे. ते खरंखुरं फंक आहे, पण सैलसर अंगाचं. जेम्स ब्राउनच्या फंकमध्ये प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सगळे वादक एकदम आदळतात, सम अंगावर येते. शगीचा ठेका समेवर येतो तो रमतगमत, आणि तरीही पाय हलल्याशिवाय राहत नाही. ‘स्पार्कल सिटी’मध्ये तर गाणं सुरू होऊन बराच वेळ शब्द येतच नाहीत. बेस आणि ऑर्गन गप्पा मारत बसतात आणि गायक आपली पाळी येण्याची वाट बघतो. ‘आयलंड लेटर’ हे पत्र आहे. त्यातले शब्द संपल्यावरही वाद्यं पुढे चालत राहतात.

तबकडी उलटली की अल्बम आणखी धीट होतो. ‘हॅपी हाउस’ हे दीड मिनिटही न टिकणारं छोटंसं गाणं, आणि त्यानंतर शब्दच संपतात. ‘रेनी डे’, ‘एक्सएल-३०’, ‘प्लिंग!’, ‘नॉट अव्हेलेबल’ या चारही रचना निव्वळ वाद्यांच्या. ‘रेनी डे’मध्ये जॅझच्या वळणाची गिटार आणि तिच्यामागे व्हायोलिनं. ‘एक्सएल-३०’मध्ये पुन्हा ती पेटी आणि ऑर्गन. ‘प्लिंग!’ इतकं संथ आणि झिरपतं आहे की ते १९७४चं आहे हे तारीख पाहिल्याशिवाय पटत नाही. पुढे वीस वर्षांनी घरच्या खोलीत यंत्रांवर संगीत करणाऱ्या पिढीला जे सापडलं, त्यातलं बरंच इथे आधीच ठेवलेलं आहे. सगळा अल्बम अर्ध्या तासाहून थोडाच मोठा.

मग तो पडला का? यंत्राचा ठेका लोकांना रुचला नाही, हे उत्तर टिकत नाही. त्याच १९७४च्या उन्हाळ्यात जॉर्ज मॅक्रेचं ‘रॉक युअर बेबी’ रिदम मशीनच्याच ठेक्यावर अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. खरी अडचण वर्गवारीची असावी. तेव्हा अमेरिकी रेडिओ रंगानुसार वाटलेला होता. गोऱ्या श्रोत्यांची रॉक केंद्रं वेगळी आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांची सोल केंद्रं वेगळी. ब्लूज गिटारवाला म्हणून ज्याची जाहिरात झाली, त्याने गिटार जवळजवळ म्यान करून ठेवलेला अल्बम आणला. रॉक केंद्रांना तो सोल वाटला, सोल केंद्रांना तो पुरेसा नाचरा वाटला नाही, आणि दुसरी बाजू जवळजवळ सगळीच शब्दांविना. शिवाय तीन वर्षांच्या खंडाने श्रोत्यांची सवयही मोडली होती. कंपनीने थोडा धीर धरला असता तर पुढचा अल्बम वेगळं चित्र दाखवू शकला असता. तो धीर धरला गेला नाही, आणि ही चूक कलेच्या बाजूने पाहिली तरी मोठी होती आणि धंद्याच्या बाजूने पाहिली तरी.

याच सुमारास शगीला दुसरं एक दार उघडं मिळालं होतं. मिक टेलर १९७४च्या डिसेंबरमध्ये रोलिंग स्टोन्समधून बाहेर पडला आणि बँडला गिटारवादक हवा होता. कीबोर्डवादक बिली प्रेस्टनच्या मार्फत शगीकडे विचारणा झाली. त्याने नकार दिला. त्याला स्वतःचं संगीत करायचं होतं. या नकाराबद्दल आजवर भरपूर हळहळ व्यक्त झाली आहे. पण ज्याने तीन वर्षं एकेक सूर स्वतः भरून अल्बम उभा केला, त्याने दुसऱ्याच्या गाण्यांना साथ करायला जगभर हिंडायचं नाकारलं, यात चक्रावून जाण्यासारखं काय आहे?

त्याच्या घरी पैसा आला तो वेगळ्याच वाटेने. ‘फ्रीडम फ्लाइट’मध्ये ‘स्ट्रॉबेरी लेटर २३’ नावाचं एक स्वप्नाळू गाणं होतं. जॉर्ज आणि लुईस हे जॉन्सन बंधू तेव्हा क्विन्सी जोन्सच्या हाताखाली नावारूपाला येत होते. जॉर्जची मैत्री शगीच्या नात्यातल्या एका बहिणीशी होती, तिच्याकडून हे गाणं त्याच्या कानावर पडलं. १९७७मध्ये जोन्सच्या निर्मितीत ब्रदर्स जॉन्सनने ते नव्याने केलं. लुईसचा टणत्कारता बेस आणि ली रिटेनोअरची गिटार यांनी नटलेलं ते गाणं रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं आणि सर्वसाधारण यादीत पाचवं आलं. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की मानधन गीतकार-संगीतकाराला मिळतं, मूळ वादक-गायकाला मिळत नाही. शगी रचनाकार होता म्हणून तो तरला. वीस वर्षांनी क्वेंटिन टॅरेंटिनोने ‘जॅकी ब्राउन’मध्ये हेच ध्वनिमुद्रण वापरलं, आणि २०००मध्ये आउटकास्टच्या ‘मिस जॅक्सन’मध्ये त्याचा तुकडा आला. शगीची चाल घराघरांत पोचली होती. शगीचं नाव पोचलं नव्हतं.

‘इन्स्पिरेशन इन्फर्मेशन’ मात्र या काळात दुकानांतून बाद झाला होता आणि जुन्या तबकड्यांच्या खोक्यांत जाऊन पडला होता. तिथे त्याला नवे मालक मिळाले. १९८०च्या दशकाच्या मध्यावर लंडनमध्ये डीजे मंडळी सत्तरच्या दशकातल्या विस्मृत अमेरिकी फंक तबकड्या हुडकून काढू लागली. किस एफएम हे तेव्हा विनापरवाना चालणारं रेडिओ केंद्र होतं, तिथल्या नॉर्मन जेच्या कार्यक्रमावरून या संगीताला ‘रेअर ग्रूव्ह’ हे नाव पडलं. अमेरिकेत हिप-हॉपचे निर्माते त्याच खोक्यांत हात घालत होते, सॅम्पलरवर घेता येईल असा एखादा दोन-चार सेकंदांचा तुकडा शोधत. या लोकांकडे मोठ्या कंपन्यांजवळ नसलेली एक गोष्ट होती: तबकडीचा खप किती झाला याची त्यांना पर्वा नव्हती. ते सुई टेकवत आणि ऐकत. १८१वा क्रमांक त्यांच्या लेखी अस्तित्वातच नव्हता.

याच वाटेने मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली यांचाही आवाज परत आला. ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बममध्ये गाऊन जॅझच्या दुनियेत नाव मिळवलेल्या आशाताईंचा ‘द डेव्हिल इज लूज’ १९७६मध्ये सीबीएसने काढला. त्यातलं ‘स्पेस टॉक’ न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांत गाजलं, मग बाजूला पडलं, आणि १९९७मध्ये नोटोरियस बीआयजीच्या अल्बममध्ये त्याचा तुकडा ऐकू आल्यावर लोक मूळ गाणं शोधू लागले. २०२४मध्ये त्या ग्लॅस्टनबरी महोत्सवाच्या मंचावर गात होत्या, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर. महाराष्ट्राने हा आवाज अजून पुरेसा आपला मानलेला नाही, आणि ही उणीव भरून काढायला त्यांच्या तबकड्या ऐकण्यापलीकडे काही लागणार नाही.

शगीच्या अल्बमला औपचारिक पुनर्जन्म दिला तो लुआका बॉप या लहानशा कंपनीने. टॉकिंग हेड्स या बँडचा गायक डेव्हिड बर्न याने १९८८मध्ये ती स्थापन केली. तिने जगभरातल्या दुर्लक्षित सायकेडेलिक संगीताची एक मालिका सुरू केली होती. पहिला मान ब्राझीलच्या ओस म्युटान्टेसला मिळाला आणि दुसरा शगीला. जॅझवादक अलीस कोल्ट्रेन यांनी कॅलिफोर्नियातल्या आपल्या आश्रमात गायलेली भजनंही २०१७मध्ये याच कंपनीने लोकांसमोर आणली, यावरून तिथल्या माणसांच्या कानांची जात कळावी. एपिक ही सीबीएसचीच शाखा; १९८८मध्ये सोनीने सीबीएसचा रेकॉर्ड विभाग विकत घेतल्याने तिच्या टेप आता सोनीच्या कोठारात होत्या. कोठारवाल्याला ज्यात रस नाही ते लहान कंपनीने परवान्यावर घ्यायचं आणि आपल्या हिमतीवर विकायचं, असा हा व्यवहार असतो. एप्रिल २००१मध्ये नवं मुखपृष्ठ लेऊन, ‘फ्रीडम फ्लाइट’मधली चार गाणी जोडून सीडी निघाली. ज्या नियतकालिकांनी सत्तावीस वर्षांपूर्वी या अल्बमकडे पाहिलंही नव्हतं, तिथे आता भरभरून लिहून आलं. दोन वर्षांत बियॉन्सेने ‘डेंजरसली इन लव्ह’ या पहिल्या एकल अल्बममधल्या ‘गिफ्ट फ्रॉम व्हर्गो’साठी ‘रेनी डे’ घेतलं आणि शगीने शब्दांविना सोडलेल्या सुरावटीवर स्वतःचे शब्द चढवले. २००९मध्ये शेरॉन जोन्स आणि डॅप-किंग्ज यांनी शीर्षकगीत नव्याने गायलं. लंडनच्या स्ट्रट कंपनीने जुन्या आणि नव्या कलावंतांना एकत्र आणणाऱ्या आपल्या मालिकेचं नावच ‘इन्स्पिरेशन इन्फर्मेशन’ ठेवलं.

जॉनी ओटिस जानेवारी २०१२मध्ये नव्वदाव्या वर्षी गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस शगी पुन्हा दौऱ्यावर निघाला, आणि २०१३मध्ये मूळ मालक सोनीने, लहान कंपनीने बाजार सिद्ध करून दाखवल्यावर, अल्बम आपल्या नावाने पुन्हा काढला. या आवृत्तीला एक दुसरी तबकडी जोडली आहे, ‘विंग्ज ऑफ लव्ह’ नावाची. १९७४नंतरच्या दशकांमध्ये शगीने ध्वनिमुद्रित करून ठेवलेली आणि कुणी न काढलेली गाणी तिच्यात आहेत. तो गप्प होता असं म्हणणाऱ्यांनी ही तबकडी आधी ऐकावी. त्यातलं सगळंच पहिल्या प्रतीचं नाही, ऐंशीच्या दशकातल्या सिंथेसायझरचा भपका काही गाण्यांना जड जातो. पण स्वरांची निवड, चाल अनपेक्षित जागी वळवण्याची खोड आणि तो मऊ आवाज पूर्वीचाच आहे. करार हाती नसताना, ऐकणारा कोण हे ठाऊक नसताना, माणूस इतकी वर्षं हे करत राहिला होता. २०१८मध्ये ‘इंटर-फ्यूजन’ नावाचा त्याचा आणखी एक अल्बम आला, प्रामुख्याने गिटारचा. एपिकला १९७०मध्ये जे हवं होतं ते त्याने आपल्या सवडीने, चौसष्टाव्या वर्षाच्या आसपास दिलं.

ज्यांना हा अल्बम नव्याने ऐकायचा आहे त्यांनी आधी मूळ नऊ रचना त्याच क्रमाने ऐकाव्यात, २००१च्या आवृत्तीतली जोड नंतर ऐकावी. ‘स्ट्रॉबेरी लेटर २३’ मधुर असलं तरी ते आधीच्या, निराळ्या शगीचं आहे. आणि बहुतेक लोक पहिली चार गाणी ऐकून थांबतात, तसं थांबू नये. हिंदुस्थानी वाद्यसंगीताचा कान असणाऱ्या श्रोत्याला दुसरी बाजूच अधिक जवळची वाटण्याचा संभव आहे, विशेषतः ‘प्लिंग!’, आणि त्यासाठी स्पीकर थोडा चांगला असावा, कारण त्यातला बेस मोबाइलच्या स्पीकरवर जवळजवळ ऐकूच येत नाही.